खारी हवा, तांबं आणि जोड

मे संपत आला की आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण जवळजवळ एकच प्रश्न घेऊन येतो, ताई, सगळ्यात चांगली वायर कुठली? घर शाकारून झालेलं असतं, लाकडं आत घेतलेली असतात, आगोटीची बाकीची खरेदी उरकलेली असते, आणि मग कुणाला तरी आठवतं की गेल्या पावसात मीटरच्या बोर्डातून चरचर आवाज येत होता. हर्णै-दापोलीच्या या पट्ट्यात मोटर रिवाइंडिंग आणि वायरिंगचं काम आमच्याकडे बाबांपासून आहे, आता दुकान मी बघते, त्यामुळे तांबं, ॲल्युमिनियम, पितळ, कथील हे सगळं माझ्या रोजच्या हाताखालचं. त्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं पण मी देत नाही. समोरच्याला बसवते, चहा सांगते आणि उलट विचारते की वायर जाणार कुठून, आणि तिच्या दोन्ही टोकांना काय आहे.

पुस्तकातलं उत्तर सरळ आहे. वीज सगळ्यात छान वाहून नेते ती चांदी, मग तांबं, मग सोनं, मग ॲल्युमिनियम. मोजायला सोपं जावं म्हणून १९१३ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवलं गेलं की शुद्ध, तापवून मऊ केलेलं तांबं म्हणजे १०० टक्के, आणि बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. त्या हिशोबात चांदी १०५ च्या आसपास, सोनं ७०, ॲल्युमिनियम ६१, साधं पितळ २८, लोखंड १७ आणि आपल्या किचनमधलं स्टेनलेस स्टील जेमतेम अडीच. म्हणजे चांदी तांब्याच्या फक्त पाच टक्के पुढे, आणि तेवढ्यासाठी कुणी घरात चांदीची वायर ओढणार नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र अमेरिकेत हे झालं होतं. १९४२ मध्ये तांबं तोफगोळ्यांना लागत होतं, म्हणून ओक रिजच्या युरेनियम वेगळं करायच्या कारखान्यातल्या प्रचंड विद्युतचुंबकांच्या कॉइलसाठी सरकारी खजिन्यातली तेरा हजार टनांहून जास्त चांदी उसनी घेतली आणि युद्धानंतर वितळवून परत केली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिथे तक्त्यातला पहिला नंबर निवडला गेला तो तो पहिला आहे म्हणून नव्हे, दुसरा मिळत नव्हता म्हणून.

आता सोन्याचं बघा. ते तांब्याच्या खाली आहे, आणि तरी तुमच्या मोबाइलच्या सिमकार्डावर, चार्जरच्या चांगल्या पिनांवर, मेमरी कार्डावर सोन्याचा पातळ थर असतो. तांबं स्वस्त आणि वीज जास्त चांगली नेणारं असून तिथे उघडं का नाही ठेवत? कारण सोनं गंजत नाही. तांब्यावर काही दिवसांत काळपट थर येतो, आपल्या हवेत तर लगेच हिरवट, आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. सिमची पिन हलक्या दाबाने नुसती टेकलेली असते, मध्ये केसाच्या शंभराव्या भागाएवढा थर आला तरी पुरे, संपर्क गेला. धातूच्या आतून वीज किती सहज जाते हा एक प्रश्न, आणि एका धातूतून दुसऱ्या धातूत शिरताना काय होतं हा दुसरा, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने आधी दुसरा प्रश्न विचारावा असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे जळून येणाऱ्या बोर्डांत वायर मधेच जळालेली फार क्वचित दिसते. जळतो तो जोड.

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुतेक ॲल्युमिनियमची असते, ते ठीकच आहे. ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, तांब्याएवढंच काम करायला छेदाच्या क्षेत्रफळाने साधारण १.६ पट घ्यावं लागतं पण तरी वजन निम्मंच भरतं. पण ही वायर जिथे कटआउटच्या, म्हणजे मीटरजवळच्या फ्यूजच्या, पितळी टर्मिनलमध्ये किंवा घरातल्या तांब्याच्या वायरला पिळून जोडली जाते तिथे गडबड सुरू होते. ॲल्युमिनियम सोललं की त्या क्षणी हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच्यावर एक अत्यंत पातळ, अत्यंत कडक साय धरते, आणि ती साय म्हणजे जवळजवळ पोर्सेलीनसारखी, वीज अडवणारी. वर ॲल्युमिनियम मऊ, स्क्रू कितीही आवळला तरी दाबाखाली हळूहळू पसरत जातं, दिवसा गरम होऊन फुगतं, रात्री आकसतं, तांब्या-पितळेपेक्षा जास्तच, आणि वर्षभरात तो स्क्रू सैल. आणि मग आपली हवा. मिठाचं पाणी मध्ये आलं की तांबं आणि ॲल्युमिनियम मिळून एक छोटा सेल तयार होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, पांढरी भुकटी होऊन. संपर्क कमी, म्हणजे त्या एका टिंबावर रेझिस्टन्स जास्त, म्हणजे तिथेच उष्णता, म्हणजे आणखी सैल, आणखी गंज, आणि पहिल्या पावसाच्या रात्री मिक्सर आणि गिझर एकदम चालू झाला की तो बोर्ड भसकन जातो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, दुप्पट करंट म्हणजे चौपट ताप, त्यामुळे कित्येक महिने गुपचूप बसलेला वाईट जोड एका संध्याकाळी स्वतःला दाखवतो.

याला उपाय महाग नाहीत. लग म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेल्या बायमेटल लग मिळतात, कथील चढवलेल्या लग मिळतात, जोडाला लावायचं ग्रीससारखं कंपाउंड मिळतं, ते हवा आणि पाणी दोन्ही बाहेर ठेवतं. ब्रशने साय खरवडून लगेच कंपाउंड लावायचं, हाताने पिळायचं नाही, क्रिंपिंगच्या पकडीने दाबायचं. शंभर-दीडशे रुपयांचं सामान असेल, आणि लोक हजारो रुपयांची ब्रँडेड वायर घेतात आणि इथे काळी टेप गुंडाळतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या घरात माणसं झोपतात.

बंदरावरचं काम वेगळं शिकवतं. बोटीवर बॅटरी असते, १२ किंवा २४ व्होल्टची, आणि कमी व्होल्टला वायरची जाडी फार महत्त्वाची होते हे घरच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. एक नाखवा आला होता, म्हणाला, बॅटरी नवीन, दिवा नवीन, तरी उजेड पिवळा पडतो, जाळं ओढताना दिसत नाही. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. १०० वॉटचा दिवा, १२ व्होल्टवर साधारण ८.३ अँपिअर घेणार, बॅटरीपासून डोलकाठीपर्यंत १० मीटर म्हणजे जाऊन येऊन २० मीटर वायर, आणि ती १ एमएमची तांब्याची (वायरचं एमएम म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये). त्या वायरचा रेझिस्टन्स होतो ०.३४ ओहम. गुणाकार केला तर २.८ व्होल्ट वायरमध्येच खाल्ले जातात, बाराचे नऊ उरतात. हाच दिवा घरात २३० व्होल्टवर असता तर करंट अर्धा अँपिअरसुद्धा नाही आणि वायरने खाल्लेले व्होल्ट दशांशात गेले असते. तीच वायर, तोच धातू, तेच अंतर. ४ एमएमची वायर टाकली, नुकसान पाऊण व्होल्टच्या आत आलं.

पण बोटीवर नुसतं तांबंही चालत नाही. इन्सुलेशनच्या टोकातून खारं पाणी आत ओढलं जातं, बारीक बारीक तारांच्या मधून वर वर चढत जातं, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी वायर हातभर सोलली तरी आत काळी निघते. म्हणून बोटीसाठी टिन्ड वायर घ्यायची, तिच्यातल्या प्रत्येक तारेवर कथलाचा थर असतो. कथील वीज नेण्यात तांब्याच्या सातव्या हिश्श्याएवढंच, तरी थर इतका पातळ की फरक पडत नाही, आणि राखण मात्र पूर्ण. ही आपली कल्हईच आहे, तोच धातू, तेच काम. माझी आजी पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की त्यात ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणायची, आमसुलाचं सार तर लांबच. आणि हीच आजी तांब्याचा हंडा घासायला रातांब्याची साल घ्यायची, कारण आंबटाने तो काळा थर विरघळतो आणि खालचं तांबं लखलखीत वर येतं. जे आंबट भांड्याला साफ करतं तेच जेवणात तांबं उतरवतं. माझ्या मते धातू कसा निवडावा याचं अर्धं शिक्षण जुन्या स्वयंपाकघरात झालेलं असायचं.

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर उष्णतेबद्दल. १८५३ साली वीडेमान आणि फ्रांझ या दोन जर्मन शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की जे धातू वीज चांगली नेतात तेच उष्णताही चांगली नेतात, आणि एका तापमानाला या दोन गुणांचं प्रमाण जवळजवळ सगळ्या धातूंत सारखंच येतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये, म्हणजे कारण कळायच्या चाळीसेक वर्षं आधी नियम हाताला लागला होता. कारण हेच, की धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन दोन्ही ओझी वाहतात. म्हणून तांब्याचा उष्णता नेण्याचा आकडा (हे टक्के नव्हेत, वॉट प्रति मीटर-केल्विन) ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा २३७, लोखंडाचा ८०, आणि स्टेनलेस स्टीलचा १५ फक्त. स्टीलच्या पातेल्यात खीर ज्या जागी ज्योत लागते तिथेच का करपते याचं उत्तर या पंधरात आहे, उष्णता आडवी पसरतच नाही. म्हणून तळाला तांबं किंवा मध्ये ॲल्युमिनियमची चकती घालतात. बिडाचा तवा उष्णता नेण्यात तांब्याच्या खूप मागे, पण जाड आणि जड, एकदा तापला की घावण्याचं गार पीठ ओतलं तरी त्याचा ताव जात नाही. घावणे जाळीदार हवे असतील तर उष्णता पटकन नेणारं भांडं नको, उष्णता साठवून बसणारं हवं. जुना तांब्याचा बंब मात्र बरोब्बर उलट, मधल्या नळीतली आग आणि भोवतीचं पाणी यांच्यामध्ये फक्त पातळ तांबं, सोडणाची, म्हणजे नारळाच्या सालीची, दोन-चार मुठी आग पण पाणी कढत.

या नियमाला अपवाद आहेत आणि माझं रिपेअरिंगचं काम त्या अपवादांवर चालतं. हिऱ्यातून वीज जात नाही पण उष्णता तांब्याच्या पाचपट वेगाने जाते, कारण तिथे इलेक्ट्रॉनऐवजी अणूंच्या जाळीची थरथर उष्णता नेते. हिरे काही आमच्याकडे येत नाहीत, पण अभ्रक येतं. इन्व्हर्टर उघडला की आतले पॉवर ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या पंखवाल्या हीटसिंकवर बसवलेले दिसतात आणि मध्ये अभ्रकाची किंवा सिलिकॉनची पातळ चकती, कारण उष्णता तर बाहेर जायला हवी पण वीज जाता कामा नये. आणि इथेसुद्धा, परत, जोड. दोन सपाट दिसणारे धातू एकमेकांवर ठेवले तर ते मोजक्या टेंगळांवरच टेकतात, बाकी मध्ये हवा, आणि हवेचा उष्णतेचा आकडा ०.०२५. ॲल्युमिनियमच्या २३७ पुढे हा आकडा ठेवून बघा. म्हणून ती पांढरी पेस्ट लावायची, थोडी, हवा हाकलण्यापुरती. पेस्ट स्वतः काही फार चांगली वाहक नाही, हवेपेक्षा कित्येक पट बरी एवढंच. रस्त्यावरचे स्वस्त एलईडी दिवे वर्षभरात मिणमिणायला लागतात त्यात बऱ्याचदा चिपचा दोष नसतो, चिपखालची पेस्ट सुकलेली असते किंवा मुळात लावलेलीच नसते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या बाजूच्या गावांनी काय बघितलं ते इथे लिहीत बसले तर दुसरा लेख होईल, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब मोडले, आणि कित्येक वाड्यांना कितीतरी आठवडे लाइट नव्हती. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन दिवसभर चिखलात तारा ओढत होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कायमचा आदर आहे. त्या काळात जमिनीवर पडलेली तार पहिल्यांदाच निवांत हातात घेऊन बघायला मिळाली. या तारांची नावं प्राण्यांवरून असतात, वायरमन सरळ म्हणतात, इथे रॅबिट आहे, तिकडे डॉग टाकली. मध्ये जस्त चढवलेली स्टीलची तार ताकदीसाठी आणि भोवती ॲल्युमिनियम विजेसाठी. लांब अंतरावर उंच लटकणाऱ्या तारेला तांबं परवडत नाही, किंमत सोडा, वजनच खांबांना पेलणार नाही. पण समुद्राजवळ त्या मधल्या स्टीलचं जस्त खारं पाणी खातं, मग स्टील गंजतं, मग आतून ॲल्युमिनियमही. म्हणून किनाऱ्यालगत मधलं स्टील काढूनच टाकलेली, मॅग्नेशियम-सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची तार जास्त टिकते. मिश्रणामुळे वाहकता थोडी घटते, ताकद वाढते, आणि दोन धातूंचं भांडणच मिटतं.

आणि तरी कोकण रेल्वेवर बघा. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर आला, २५ हजार व्होल्ट, आणि इंजिनाचा पेंटोग्राफ ज्या तारेला घासत जातो ती तार तांब्याचीच, कडक ओढलेली, १०७ एमएमची. तिथे ॲल्युमिनियम नको, कारण तो जोड सतत पळता आहे, घासणारा आहे, ठिणग्या खाणारा आहे. तिच्या वरची, तिला पेलणारी तार तांब्यात किंचित कॅडमियम घातलेली, ताकदीसाठी. रत्नागिरीला जाताना खिडकीतून मला त्या तारा डोंगर-दरीपेक्षा आधी दिसतात.

एक गोष्ट मनात सलते ती इथे लिहायलाच हवी. आमच्या मंडणगड-दापोलीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, बॉक्साइट निघतं, जांभ्याचंच भावंड, आणि ॲल्युमिनियम त्यातून येतं. चार-पाच टन दगड खणला की एक टन धातू, आणि दर किलोमागे साधारण १४ युनिट वीज. तांब्याची गोष्ट तर आणखी जवळची. १९९३ साली रत्नागिरीजवळ तांबं वितळवायचा मोठा कारखाना उभा राहत होता, आंबा बागायतदार आणि गावकरी रस्त्यावर उतरले, काम थांबलं, आणि कारखाना गेला तमिळनाडूत तुतिकोरिनला. तिथे २०१८ च्या मे महिन्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसं गेली, आणि मग तोही बंद झाला. आपला आंबा वाचला याचा मला आनंद आहे, आणि त्याच वेळी दुकानातल्या तांब्याच्या प्रत्येक बंडलामागे कुणाचं तरी गाव आहे हेही मला माहीत आहे. म्हणून जळालेल्या मोटरचं जुनं वाइंडिंग मी एक तुकडाही फेकत नाही. तांबं पुन्हा वितळवून शुद्ध केलं की त्याची वाहकता पूर्ण परत येते, आणि जुन्या ॲल्युमिनियमला नव्याच्या पाच टक्के ऊर्जा पुरते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला ती चोरटी वायर, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, आणि बिल तांब्याचं. ब्लेडने खरवडलं की आत चंदेरी दिसतं, आणि हातात बंडल हलकं लागतं. अशी वायर काही ठिकाणी रीतसर वापरतात, अँटेनाच्या केबलमध्ये वगैरे, त्याला माझं काही म्हणणं नाही. घराच्या भिंतीत ती तांब्याच्या मापाने घालणं मात्र गुन्हा आहे.

सध्या एका वाडीत नवीन घराचं काम चालू आहे आणि तिथल्या काकांशी माझा वाद अर्थिंगवरून झाला. त्यांना तांब्याची प्लेटच हवी होती, मोठी, महाग. मी म्हटलं, काका, प्लेट तांब्याची असो की जस्त चढवलेल्या लोखंडाची, वीज शेवटी जाणार मातीत, आणि तुमच्या घराखाली जांभा आहे. पावसात तो भिजलेला असतो तेव्हा सगळं उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये सडा कोरडा ठणठणीत, आणि कोरड्या जांभ्यातून करंट जायला वाटच नसते, मातीत वीज जाते ती ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांतून. प्लेट आणि माती यांचा तोही एक जोडच. तांबं इथे घ्यायचं ते जमिनीत जास्त वर्षं टिकतं म्हणून, वाहकतेसाठी नाही, आणि ते पैसे वाचवून आधी खड्डा खोल काढू. काकांनी दोन दिवस विचार केला. मग खड्डा मोरीच्या मागे काढला, सांडपाणी कायम मुरतं तिथे, जांभा फोडून आत कोळसा-मीठ आणि वर शेतातली काळपट माती भरली, प्लेट जस्त चढवलेल्या लोखंडाची घातली, आणि वाचलेल्या पैशात मीटरनंतर लगेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. पंपाच्या वायरला कथिलाच्या लग क्रिंप करून झाल्यात. मृगाच्या आधी एकदा जाऊन सगळे स्क्रू परत आवळायचे राहिलेत, तेवढं या रविवारी करून येते.